सत्तावीस नंबरची पट्टी

मी ईसीजी काढतो. डॉक्टर नाही, तंत्रज्ञ. एकोणीस वर्षं झाली. दहा इलेक्ट्रोड चिकटवायचे, बटण दाबायचं, कागद बाहेर, यात काय एवढं, असं लोकांना वाटतं. लोकांचं सोडा, शेजारच्या खाटेवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यालाही तसंच वाटतं, आणि पुढे जे झालं त्यात त्याचा वाटा आहे. माझाही आहे, बहुतेक त्याच्याहून मोठा. नेमका किती, हे वर्ष झालं तरी ठरत नाहीये म्हणून लिहायला बसलोय.

एका व्यावसायिक फुटबॉल क्लबची हंगामापूर्वीची हृदयतपासणी आमच्याकडे होती. मुख्य आणि राखीव संघ मिळून चौसष्ट खेळाडू, एक दिवस, दोन खाटा. क्लबने पैसे मोजले होते ते प्रश्नावलीचे आणि ईसीजीचे. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, फक्त ज्याच्या पट्टीत किंवा उत्तरांत काही सापडेल त्याचा. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी, तिच्यावर नंबर, नाव, जन्मतारीख. चिठ्ठी बघायची, नाव यंत्रात टाकायचं, माणूस आडवा करायचा. ओळखपत्र बघायची पद्धत नव्हती. लघवीच्या नमुन्यात अदलाबदल करतात हे ऐकून होतो. हृदयाची कोण करणार?

आणि अशा दिवशी आम्ही चेहरे बघत नाही. छात्या बघतो. केस किती, घाम किती, बरगड्या बोटाला लागतात की स्नायूंखाली गाडल्या गेल्यात. केस असतील तर सहा जागी रेझर फिरवावा लागतो, कारण इलेक्ट्रोड केसांवर बसला की रेघ थरथरायला लागते आणि मग वाचणाऱ्याला ती थरथर ठोक्यांची वाटते. खेळाडूंना याचा फार राग. दंडावर गोंदवून घेताना तीन-तीन तास दात-ओठ खाऊन बसतील, पण छातीवर रुपयाएवढे सहा गोल नकोत.

आता थोडं माझ्या धंद्याचं ऐकून घ्या, कारण गोष्ट तिथेच आहे. गळ्याच्या खळगीतून बोट खाली आणलं की छातीच्या मधल्या हाडावर एक आडवा उंचवटा लागतो. त्याला लागून असते ती दुसरी बरगडी. तिच्याखालची फट दुसरी, मग तिसरी, मग चौथी. छातीवरच्या सहा इलेक्ट्रोडना व्ही-१ ते व्ही-६ म्हणतात. चौथ्या फटीत हाडाच्या उजव्या कडेला व्ही-१, डाव्या कडेला व्ही-२. मग व्ही-३ सोडून आधी व्ही-४ लावायचा, पाचव्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यापासून सरळ खाली. व्ही-३ त्यांच्या मधोमध. व्ही-५ आणि व्ही-६ हे व्ही-४च्याच पातळीत काखेकडे. बरगडीच्या वळणाबरोबर वर चढवायचे नाहीत. स्तनाग्र ही खूण नव्हे, ते माणसागणिक हलतं. हे सगळं बोटांनी मोजायला वीस सेकंद लागतात. माझा सहकारी ते नजरेने करतो, आणि त्याची नजर कायम एक फट वर असते. एक फट वर गेलं की व्ही-१ मध्ये आणखी एक आर (ठोक्याचं वर जाणारं टोक) उगवतो, पी वेव्ह (त्याआधीची छोटी लाट) खाली तोंड करते आणि धडधाकट मुलाच्या पट्टीवर नको ते संशय लिहून येतात. त्याला मी किती वेळा सांगितलं याचा हिशेब नाही. ‘मशीन घेतं ना सांभाळून,’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. मशीन काही सांभाळून घेत नाही. त्याची आणखी एक सवय म्हणजे रेघ छान दिसावी म्हणून ४० हर्ट्झचा फिल्टर लावणं. त्याने रेघ गुळगुळीत होते, पण तिच्यातल्या बारीक खाचाही पुसल्या जातात. म्हणून दोन्ही यंत्रांवरच्या त्या बटणावर मी पांढरी चिकटपट्टी लावून ठेवली आहे. तिच्यावरून तो मला हसतो. त्या दिवशी ती चिकटपट्टी कामाला आली.

यंत्राला खेळाडू कळत नाही हेही सांगून ठेवतो. रोज तासन्‌तास धावणाऱ्या माणसाचे आडवं पडल्यावर ठोके चाळीसच्या घरात असतात, पीआर, म्हणजे पी वेव्हपासून मुख्य ठोक्यापर्यंतचा वेळ, लांबतो, लाटा उंच येतात. यंत्र बिचारं वर छापतं, ‘असामान्य ईसीजी’. त्या दिवशी निम्म्याहून जास्त पट्ट्यांवर ते छापलेलं होतं आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या ठणठणीत होत्या. खेळाडूंच्या ईसीजीत काय चालतं आणि काय नाही याचे आंतरराष्ट्रीय निकष २०१७ साली आले. ते आमच्या हृदयरोगतज्ज्ञ मॅडमनी भिंतीवर लावले आहेत. त्यात व्ही-५, व्ही-६ मध्ये टी वेव्ह, म्हणजे मुख्य ठोक्यानंतरची लाट, उलटी असणं ही गोष्ट कुणालाही माफ नाही. खेळाडू कोणत्याही वंशाचा असो, कितीही तयारीचा असो. तिथे पुढच्या तपासण्या व्हायलाच हव्यात.

साडेपाचला शेवटचा खेळाडू गेला. सहकारी छापील प्रती क्लबच्या फिजिओकडे सोपवून मोकळा झाला. मी मात्र पट्ट्या मॅडमकडे जाण्याआधी टेबलावर मांडून एकदा नजर फिरवतो. हे मला कोणी सांगितलेलं नाही आणि त्याचे पैसेही मिळत नाहीत. डाव्या-उजव्या हाताच्या तारा उलटसुलट लागल्या असतील तर त्या आपल्यालाच सापडलेल्या बऱ्या, मॅडमना सापडण्यापेक्षा.

नऊ नंबर माझ्या खाटेवरचा, सकाळी १०:५२ चा. ठोके ४६, पीआर २३८ मिलिसेकंद. लीड तीनमध्ये (लीड म्हणजे तारांतून यंत्र हृदय ज्या कोनातून बघतं तो; तारेलाही आम्ही लीडच म्हणतो) एक खाच. रेघ वर चढता चढता मधेच अडखळते, जरा घसरते, पुन्हा चढते, आणि उतरताना पायथ्याशी एक बारीकसा दात दाखवून जाते. लीड तीनमध्ये अशा खाचा पुष्कळांच्या असतात, त्यांना अर्थ नसतो. पण ही मी सकाळीच बघून ठेवली होती, कारण ती इतकी स्वच्छ उमटली होती की फ्रेम करून लावावी.

सत्तावीस नंबर सहकाऱ्याच्या खाटेवरचा, दुपारी १२:३७ चा. ठोके ६१, पीआर २१४. लीड तीनमध्ये तीच खाच. पायथ्याशी तोच दात.

मी दोन्ही कागद एकावर एक ठेवून ट्यूबलाइटसमोर धरले. ठोक्यांतलं अंतर जुळणार नव्हतंच, एकाच ठोक्यावर ठोका बसवून बघितला. लीड एक बसली, दोन बसली, तीन बसली. व्ही-४, व्ही-५, व्ही-६ बसल्या. व्ही-१ आणि व्ही-२ बसल्या नाहीत, आणि क्षणभर मला हायसं वाटलं. मग लक्षात आलं की सत्तावीसच्या व्ही-२ मधली पी वेव्ह पूर्ण खाली आहे. म्हणजे सहकाऱ्याची ती वरची फट. फट वर असेल तर हे दोन सोडून बाकीचं जुळायला हवं, आणि नेमकं तेवढंच जुळत होतं.

ईसीजी म्हणजे बोटाचा ठसा नव्हे. वजन बदललं, कूस बदलली, श्वास रोखला, तरी आकार हलतो. दोन माणसांचे आकार सारखे निघूही शकतात. कोर्टात मी शपथ घेऊन काही सांगू शकलो नसतो. पण एकोणीस वर्षं मी हेच बघतोय.

सहकाऱ्याला फोन केला. सत्तावीस नंबर आठवतो का विचारलं.

‘नंबर कोण लक्षात ठेवतं?’

‘छातीवर केस होते?’

जरा थांबून म्हणाला, ‘दुपारी एक आला होता बघ, सहाही जागा आधीच साफ. म्हटलं बरं झालं, एक रेझर वाचला.’

मग मी फिजिओला फोन लावला आणि सांगितलं की सत्तावीस नंबरच्या पट्टीत तांत्रिक गडबड आहे, उद्या सकाळी पाठवा. ही माझी पहिली थाप. तेव्हा ती थाप वाटलीच नाही. मुलाला सगळ्यांसमोर उघडं पाडायचं नाही, एवढाच विचार होता.

सकाळी आठला तो आला. वीस वर्षांचा, राखीव संघातला बचावपटू. टी-शर्ट काढायला त्याने फार वेळ लावला. काढल्यावर छातीभर दाट केस, एकाही जागी रेझर फिरलेला नाही. मी काही बोललो नाही. उंचवटा शोधला, फटी मोजल्या, रेझर घेतला. दुसऱ्या गोलावर असताना तोच म्हणाला, ‘सर, तुम्ही कालचीच पाठवा ना.’

‘काल इथे कोण झोपलं होतं?’

तो छताकडे बघत राहिला. माझ्या बोटांना त्याचे ठोके लागत होते, नव्वदच्या आसपास असतील.

पट्टी बाहेर आली. व्ही-४, व्ही-५, व्ही-६, लीड एक आणि एव्हीएल नावाची लीड, पाचही ठिकाणी टी वेव्ह उलट्या. थोड्याथोडक्या नव्हे, खोल, सूळ उलटा टांगल्यासारख्या. त्या बघायला मी लागत नाही, माझा सहकारीसुद्धा पुरला असता.

मग त्याने सांगितलं. सतराव्या वर्षी दुसऱ्या एका अकादमीत त्याची अशीच पट्टी आली होती. दोन महिने खेळू नकोस म्हणाले. दोन महिन्यांनी इको झाला, तो चांगला आहे असं तोंडी कळवलं. एमआरआय कोणी केला नाही, हातात कागद कोणी दिला नाही. तोवर त्याची जागा दुसऱ्याने घेतली होती. ‘मी खरा खरा झोपलो होतो सर तेव्हा,’ तो म्हणाला. हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. त्याने एकदा नियमाप्रमाणे केलं होतं आणि त्याची किंमत मोजली होती. दुसऱ्या वेळी तो शहाणा होऊन आला.

आदल्या दिवशीची त्याची प्रश्नावली मी समोर धरली. सगळीकडे ‘नाही’. चौसष्टच्या चौसष्ट प्रश्नावल्यांत सगळीकडे ‘नाही’ होतं, हे इथे सांगायला हरकत नाही. चौसष्ट तरुण खेळाडूंपैकी एकालाही आयुष्यात कधी भोवळ नाही, धडधड नाही, कुणाच्या घरात अवेळी मृत्यू नाही. मी एकेक प्रश्न मोठ्याने वाचला. भोवळीपाशी तो थांबला.

‘आली होती एकदा. पण धावताना नाही. धावून थांबल्यावर.’

आता यातली खोच अशी की हा फरक डॉक्टरांसाठी फार मोठा आहे. धावून एकदम थांबलं की पायांत रक्त साठतं, दाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि हे बहुतेकदा निरुपद्रवी असतं. ऐन धावताना माणूस कोसळला तर मात्र तो धोक्याचा बावटा. वीस वर्षांच्या मुलाला न विचारता हा फरक सांगावासा का वाटला? खरंच तसं घडलं म्हणून, की कोणतं उत्तर ‘चांगलं’ हे त्याने आधीच शोधून ठेवलं होतं म्हणून? मी तो शब्दशः लिहून घेतला. मॅडमनीही नंतर त्याला तेच विचारलं आणि त्याने त्याच शब्दांत सांगितलं. अगदी त्याच शब्दांत.

मॅडमनी इको स्वतः केला. हृदयाचं टोक इकोत पकडणं कठीण असतं. प्रोब जरा वर राहिला की टोक कापलं जातं आणि पडद्यावर एक बुटकं, निरोगी हृदय दिसतं. अकादमीत तसंच झालं असावं असा त्यांचा अंदाज. त्यांनी त्याला डाव्या कुशीवर पुरता वळवला, प्रोब खालच्या फटीत नेला आणि पाच मिनिटं एकाच जागी हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘एमआरआय.’ एमआरआयमध्ये टोकाकडचा स्नायू जाड निघाला, आणि त्यात थोडा व्रणाचा भाग. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, टोकापुरती. हृदयाचा स्नायू कारणाशिवाय जाड होण्याचा हा आजार बहुतेकदा आनुवंशिक असतो. २००३ साली लियॉनला कॉन्फेडरेशन्स कपच्या उपांत्य सामन्यात कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फो कोसळून गेला, त्याच्यातही हाच आजार सापडला होता. टोकापुरता प्रकार त्यातल्या त्यात सौम्य मानतात, असं मॅडम म्हणाल्या; पण व्रण आहे, भोवळीची गोष्ट आहे, म्हणून चोवीस तासांची नोंद, ट्रेडमिल, जनुकीय चाचणी हे सगळं होईपर्यंत खेळ बंद. पूर्वी या आजाराचं नाव निघालं की सरसकट बंदी असे. गेल्या काही वर्षांत डॉक्टर, खेळाडू आणि घरचे यांनी मिळून धोका तोलायचा, असं मार्गदर्शक सूचनांतच आलं आहे. मॅडमना ते करायचं होतं. क्लबला नव्हतं. दोन आठवड्यांत करार ‘परस्पर संमतीने’ संपला.

त्या दोन आठवड्यांत त्याचे वडील आले होते. ते दहा मिनिटं मला विसरता येत नाहीत.

मॅडमच्या खोलीत मी पट्ट्या घेऊन उभा होतो. वडिलांच्या हातात प्लॅस्टिकची फाइल, आणि फाइलीत सगळ्यात वर सहकाऱ्याने वाटलेली ती छापील प्रत. ठोके ६१, सगळ्या टी वेव्ह सरळ, वर मुलाचं नाव. ती परत मागवायची हे मला सुचलंच नव्हतं. त्यांनी ती माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, ‘साहेब, ही आदल्या दिवशीची. ही चांगली आहे असं दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. एका रात्रीत हृदय बिघडतं का?’

मुलगा शेजारी बसला होता. बुटांच्या नाड्यांकडे बघत.

मी म्हणालो, ‘लीड सैल होती.’

‘कोणत्या दिवशी?’

‘पहिल्या.’

‘सैल लीडने वाईट पट्टी येईल की चांगली येईल?’

प्रश्न बिनतोड होता. सैल लीडने पट्टी खराब येते, रेघ भरकटते, तुटते. उलट्या टी वेव्ह पाचपाच ठिकाणी सरळ होऊन अशी देखणी पट्टी येत नाही. त्या माणसाला ईसीजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि खोलीतला सगळ्यात बरोबर प्रश्न त्यानेच विचारला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी पट्ट्या सारख्या करत राहिलो.

मग ते एरिक्सनवर आले. डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन १२ जून २०२१ ला कोपनहेगनच्या मैदानावर पडला, अख्ख्या जगाने बघितला, आणि तो परत खेळला ना? खेळला. मॅडमनी सांगितलं की त्याच्या छातीत शॉक देणारं यंत्र बसवलेलं आहे, ते असताना इटलीत त्याला खेळू दिलं नाही, म्हणून इंटर मिलान सोडून जानेवारी २०२२ मध्ये तो इंग्लंडला ब्रेंटफर्डकडे गेला, आणि २०२४ च्या युरो स्पर्धेत त्याने गोलही केला. वडिलांचे डोळे चमकले. मॅडम पुढे म्हणाल्या, तो वाचला कारण तो पडल्या पडल्या छाती दाबायला माणसं धावली आणि मैदानावरच शॉक दिला गेला. छाती दाबली गेली नाही, तर शॉक मिळायला उशीर झालेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी उतरते. यावर मी क्लबच्या फिजिओला विचारलं, तुमच्या सरावाच्या मैदानावर एईडी, म्हणजे शॉक देणारी पेटी, कुठे असतं? आहे, म्हणाला, कार्यालयात. कार्यालय सराव संपेपर्यंत बंद असतं. चौसष्ट ईसीजींना पैसे होते, एका पेटीला मैदानाच्या कडेला खिळा नव्हता.

तीन दिवसांनी मी मॅडमना सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी पहिलं विचारलं, ‘ती पट्टी कुठे कुठे गेली?’ क्लबकडे, घरी, आणि घरच्यांनी दाखवलेल्या आणखी निदान एका डॉक्टरकडे. त्या सगळ्यांना त्यांनी पत्र लिहिलं की अमुक तारखेची १२:३७ ची पट्टी या खेळाडूची असल्याची खात्री देता येत नाही, ती विचारात घेऊ नये. पत्र पाठवल्यावर म्हणाल्या, ‘तू त्याला वाचवत होतास की स्वतःला?’ उत्तराची वाट न बघता पुढचा रुग्ण बोलावला. कोणाचं हृदय होतं ते, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नऊ नंबर तेवढा दोनदा पास झाला.

सहकाऱ्याला यात काहीच विशेष वाटत नाही. त्याच्याकडे एक आकडा आहे, तो येता-जाता तोंडावर फेकतो. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १९९६ ते २०१६ या काळात ११,१६८ किशोरवयीन खेळाडू तपासले, ईसीजी आणि इकोसकट. त्यातले आठ जण पुढे हृदयाच्या आजाराने अचानक गेले, आणि त्या आठातले सहा तपासणीत निर्दोष ठरलेले होते. ‘मग? काढून काय उपयोग?’ त्याच अभ्यासात ४२ जणांमध्ये जीवघेणा ठरू शकणारा आजार सापडला होता, हे तो सांगत नाही. इटलीत १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे आणि व्हेनेटो भागात अशा मृत्यूंचं वार्षिक प्रमाण लाखामागे ३.६ वरून ०.४ वर आलं, तेही नाही. पण माझं त्याच्याशी भांडण आकड्यांचं नाहीच. ते सहा जण निर्दोष ठरले ते तज्ज्ञांच्या नजरेखालून, सरासरी जवळजवळ सात वर्षं आधी; सोळाव्या वर्षी जे दिसत नाही ते तेविसाव्या वर्षी उगवू शकतं. तिथे कुणाचं चुकलं म्हणता येत नाही. आमच्याकडे आजार खाटेपर्यंत आलाच नव्हता, तो बाहेरच्या बाकावर चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात देऊन बसला होता. आणि पट्टी खरी आली तर पुढे काय, याची व्यवस्था कुणाकडेच नव्हती. अकादमीकडे नव्हती, क्लबकडे नव्हती. मुलाने तेवढी करून ठेवली होती.

या हंगामाला तोच क्लब पुन्हा आला. आता ओळखपत्र बघतो, आणि दोन्ही खाटांवरचे मुद्दाम चेहरेही बघतो. गेल्या वर्षीच्या नऊ नंबरकडे या खेपेला चिठ्ठी चौदाची होती, पण मी त्याला ओळखलं आणि त्यानेही मला. टी-शर्ट काढला तर छाती गुळगुळीत. सहा गोल नाहीत, सगळीच, गळ्यापासून बेंबीपर्यंत.

‘हे काय?’

‘उन्हाळा आहे ना सर.’

फटी मोजता मोजता विचारलं, ‘तो कसा आहे?’

‘बरा आहे. खेळतो.’

माझं बोट तिसऱ्या फटीत थांबलं. ‘कुठे?’

त्याने एका छोट्या लीगचं नाव घेतलं.

‘तिथे तपासणी नसते?’

‘असते सर. मागच्याच महिन्यात झाली.’

एवढं बोलून तो छताकडे बघायला लागला, तसाच, वर्षापूर्वी त्याचा मित्र बघत होता तसा. मी इलेक्ट्रोड लावले. ठोके ४८, पीआर २३०, लीड तीनमध्ये खाच, पायथ्याशी दात. कागद फाडून घेतला आणि त्याला तसाच आडवा ठेवून, तारा न काढता, मॅडमच्या खोलीत गेलो. या वेळी तीन दिवस लावले नाहीत.

मॅडमनी ऐकलं आणि वडिलांचा फोन नंबर बघायला मुलाची जुनी फाइल मागवली. फाइल उघडली तर त्यांच्या पत्राच्या वर कोणीतरी पट्ट्या तारखेनुसार लावून ठेवल्या होत्या, आणि पहिली तीच होती, १२:३७ ची.